चष्म्याचा नंबर घालवणारे लेझर : पारपटलाला किती सोसते, याचा शोध

नीरक्षीर (धागाकर्ता)

चष्म्याचा नंबर घालवण्याच्या लेझर शस्त्रक्रियेविषयी मराठीत शोधू गेल्यास खर्चाचे आकडे, सणासुदीच्या सवलती आणि काही मिनिटांत चष्मा सुटल्याची आश्वासने भरपूर सापडतात. ही शस्त्रक्रिया आजच्या रूपापर्यंत कशी पोचली, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. माझ्या मते हा इतिहास शस्त्रक्रिया करवून घेऊ इच्छिणाऱ्याने आधी वाचावा असा आहे. डोळ्याच्या पारपटलाचा आकार बदलता येतो, हे फार लवकर कळले होते. त्याला किती बदल सोसतो, हे मात्र दर वेळी बऱ्याच वर्षांनी आणि रुग्णांच्या डोळ्यांवरूनच कळत गेले.

प्रकाश वळवण्याचे काम मुख्यतः आतले भिंग करते, असा समज शाळेतल्या आकृत्यांमुळे होतो. प्रत्यक्षात डोळ्याच्या सुमारे ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात ते एकक) शक्तीपैकी ४३ च्या आसपास शक्ती बाहेरच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे पारपटलाची असते. दवाखान्यात त्यालाच कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. निकटदृष्टिता, म्हणजे मायनस नंबर असलेल्या डोळ्यात दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते; पारपटलाचा मध्यभाग किंचित सपाट करता आला, तर ती मागे सरकून योग्य जागी पडेल. हा तर्क इतका सरळ आहे, की लेझरचा जन्म होण्याआधीच तो लोकांना सुचला होता.

टोकियोतील त्सुतोमु सातो यांनी १९३० आणि १९४० च्या दशकांत पारपटलाला बारीक छेद देऊन त्याचा बाक कमी करण्याचे प्रयत्न केले. त्यांनी आतल्या बाजूनेही छेद दिले आणि तेथेच घात झाला. पारपटलाच्या आतल्या पृष्ठभागावर पेशींचा एकच थर असतो. हा थर पाणी सतत बाहेर उपसत राहतो, म्हणून पारपटल पारदर्शक राहते. माणसाच्या डोळ्यात या पेशी एकदा नष्ट झाल्या, की त्यांची जागा घ्यायला नव्या पेशी तयार होत नाहीत. हे त्या काळी उमगलेले नव्हते. सुरुवातीला चांगले दिसणारे यांतले कितीतरी डोळे पुढच्या दशकांत सुजून धुरकट होत गेले.

बार्सिलोनात जन्मलेले आणि कोलंबियातील बोगोटा येथे स्थायिक झालेले होसे इग्नासिओ बाराकेर यांनी निराळा विचार केला. छेद देऊन पारपटल सैल करण्यापेक्षा त्यातले ऊतकच मोजून कमी करावे, ही कल्पना त्यांनी १९४९ मध्ये मांडली. पारपटलाची पुढची चकती पात्याने कापून काढायची, ती गोठवायची, लेथवर घासून तिला हवा तो आकार द्यायचा आणि पुन्हा जागेवर शिवायची, असा तो खटाटोप होता. गोठवल्याने पेशी मरत, टाक्यांमुळे वेडावाकडा सिलिंड्रिकल नंबर येई, आणि हे सगळे साधण्याइतका हात फार थोड्या शल्यविशारदांचा होता. तरीही पारपटलाचा पातळ काप घेणारे यंत्र आणि ऊतक वजा करण्याचे गणित या दोन्ही गोष्टी लॅसिक या पुढच्या काळातील लेझर पद्धतीला बोगोटातूनच मिळाल्या. पुढे तेथलेच लुईस रुईस यांनी काप घेणारे यंत्र स्वयंचलित केले आणि त्याचा वापर इतरांच्या आवाक्यात आला.

दरम्यान मॉस्कोत स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी १९७० च्या दशकात सातो यांचीच कल्पना सुधारून घेतली. त्यांनी छेद फक्त बाहेरून, चाकाच्या आऱ्यांप्रमाणे आणि पारपटलाच्या बहुतेक जाडीपर्यंत खोल दिले. रुग्ण सरकत्या पट्ट्यावरून एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जात आहेत, अशी त्यांच्या संस्थेची छायाचित्रे त्या काळी जगभर गाजली. १९७८ मध्ये ही पद्धत अमेरिकेत पोचली. तेथे सरकारी साहाय्याने जो दीर्घकालीन अभ्यास झाला, त्याचे दहा वर्षांचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेकांना चष्म्याविना बरे दिसत होते, हे खरे. परंतु ४३ टक्के डोळ्यांचा नंबर या काळात प्लसच्या दिशेने किमान एक डायॉप्टर सरकलेला होता. खोल छेदांमुळे कमकुवत झालेले पारपटल वर्षानुवर्षे सपाट होतच राहिले होते.

लेझरचा प्रवेश या पार्श्वभूमीवर झाला, आणि तोही नेत्रविभागातून नव्हे. न्यूयॉर्क राज्यातील यॉर्कटाउन हाइट्स येथील आयबीएमच्या संशोधन केंद्रात रंगस्वामी श्रीनिवासन, जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम काम करत होते. श्रीनिवासन मूळचे मद्रासचे. मद्रास विद्यापीठातून पदव्या घेऊन ते अमेरिकेत गेले आणि १९६१ पासून आयबीएममध्ये होते. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील एक्सायमर लेझरचा मारा केला, की प्लॅस्टिकचा पृष्ठभाग न वितळता थराथराने उडून जातो, हे त्यांना दिसले होते. जिवंत प्राण्याच्या ऊतकावर असेच होईल का, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी २७ नोव्हेंबर १९८१ रोजी, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, श्रीनिवासन यांनी घरच्या मेजवानीत उरलेले टर्कीचे तुकडे प्रयोगशाळेत आणले. एक्सायमरने कूर्चेत स्वच्छ, सरळ भिंतींची खाच पडली. तुलनेसाठी वापरलेल्या हिरव्या लेझरने त्याच ऊतकाचा कोळसा केला. माणसाच्या केसावर कोरलेल्या रेखीव खाचांचे त्यांचे सूक्ष्मदर्शी छायाचित्र नंतर पुष्कळ ठिकाणी छापले गेले.

हे शस्त्र कुठे चालवायचे, याचे नेमके उत्तर कोलंबिया विद्यापीठातील नेत्रशल्यविशारद स्टीफन ट्रोकेल यांनी दिले. १९८३ च्या डिसेंबरमध्ये ट्रोकेल, श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकारी ब्रॅरन यांचा पारपटलावरील निबंध प्रसिद्ध झाला. त्यानंतर बर्लिनमध्ये थिओ झायलर यांनी १९८५ पासून माणसाच्या डोळ्यावर हा लेझर वापरायला सुरुवात केली. १९८८ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे मार्गरेट मॅक्डॉनल्ड यांनी चांगली दृष्टी असलेल्या डोळ्यावर पृष्ठभागीय शस्त्रक्रिया केली. कर्करोगामुळे जो डोळा लवकरच काढून टाकावा लागणार होता, तो एका वयस्क स्त्रीने या प्रयोगासाठी देऊ केला होता. या साऱ्या इतिहासात माझ्या मते सर्वांत मोठे ऋण तिचे आहे, आणि जाहिरातींत तिचा उल्लेख कधीही येत नाही.

पृष्ठभागावरून लेझर फिरवण्याच्या या पद्धतीला पीआरके म्हणतात. तिच्यात वरचे नाजूक आवरण खरवडावे लागते, ते पुन्हा भरून येईपर्यंत डोळा झोंबतो आणि मोठ्या नंबरांत पारपटलावर धुरकटपणा येण्याची शक्यता असते. बाराकेर यांचा काप आणि श्रीनिवासन यांचा लेझर एकत्र आणण्याचे श्रेय क्रीट बेटावरील इओआनिस पालिकारिस यांना जाते. त्यांनी पारपटलाचा पापुद्रा पूर्ण न कापता एका बाजूला बिजागरीसारखा जोडलेला ठेवला, खालच्या थरावर लेझर चालवला आणि पापुद्रा पुन्हा पसरला. टाके लागले नाहीत. लॅसिक हे नाव १९९० च्या सुमारास त्यांच्याच निबंधांतून रूढ झाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर १९९५ मध्ये पीआरकेसाठी पहिल्या एक्सायमर यंत्राला मान्यता दिली आणि त्यापुढच्या काही वर्षांत लॅसिकने तिला मागे टाकले.

येथपर्यंत थांबतो. पुढचा भाग जाणकारांनी भरावा, अशी विनंती आहे.

अवकाशवेडा

उत्तम लेख. १९३ नॅनोमीटर हाच आकडा का, याविषयी थोडी भर घालतो, कारण सगळी किमया त्यातच आहे.

या तरंगलांबीच्या एका प्रकाशकणाची ऊर्जा सुमारे ६.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. प्रथिनांतील कार्बनचे नेहमीचे बंध तोडायला साधारण तीन ते चार इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात, त्यामुळे हा प्रकाश ऊतक तापवून जाळण्याऐवजी रेणूंचे बंध थेट तोडतो आणि तुटलेले तुकडे उष्णता शेजारी पसरण्याआधीच बाहेर फेकले जातात. शिवाय पारपटलातील प्रथिने हा प्रकाश इतक्या जोरकसपणे शोषतात, की तो एक मायक्रॉनही (मिलिमीटरचा हजारावा भाग) खोल जात नाही. आतले भिंग आणि दृष्टिपटल त्याच्यापासून सुरक्षित राहतात. लेझरच्या एका स्पंदाने सुमारे पाव मायक्रॉन जाडीचा थर निघतो. हवे तितके स्पंद मोजून टाकायचे, इतके हे काम आकड्यांत बसते. असे पात्याबाबत कधीच शक्य नव्हते.

एक्सायमर लेझर मुळात १९७० मध्ये मॉस्कोच्या लेबेदेव संस्थेत निकोलाय बासोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेनॉन वापरून चालवून दाखवला होता. आर्गॉन आणि फ्लोरिन यांच्या मिश्रणावर चालणारा, १९३ नॅनोमीटरचा प्रकार त्यानंतरच्या काही वर्षांत आला. फ्योदोरोव यांच्याच शहरात हा लेझर जन्मला आणि डोळ्यापर्यंत मात्र न्यूयॉर्कमार्गे पोचला, हा योगायोग मला फार आवडतो.

मुळशीकर

म्हणजे लॅसिकचा शोध एका भारतीयाने लावला, असा जो संदेश समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो, तो खराच म्हणायचा. आपल्या पाठ्यपुस्तकांत श्रीनिवासन यांचे नाव का नसावे? २००२ मध्ये त्यांना अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक दालनात स्थान मिळाले, २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या हस्ते राष्ट्रीय पदक मिळाले. आपल्याकडे मात्र किती जणांना ते ठाऊक आहेत?

नीरक्षीर (धागाकर्ता)

मुळशीकर, श्रीनिवासन यांचे नाव पाठ्यपुस्तकात यावे, याला माझे पूर्ण अनुमोदन आहे; पण त्या संदेशातले वाक्य जसेच्या तसे यावे, याला नाही. पदक आणि दालनातील स्थान हे दोन्ही सन्मान त्यांना विन आणि ब्लम यांच्यासह मिळाले आहेत, आणि त्या तिघांचा शोध हा अतिनील लेझरने जिवंत ऊतक न जाळता कोरता येते, हा आहे. आयबीएमने त्याचे एकस्व, म्हणजे पेटंट, १९८२ च्या डिसेंबरमध्ये मागितले आणि ते १९८८ मध्ये मिळाले. त्याच्या शीर्षकात शस्त्रक्रियेबरोबर दंतवैद्यक आहे, यावरून हे तंत्र कुठे उपयोगी पडेल याविषयी सुरुवातीला किती मोकळा विचार होता, ते लक्षात यावे.

पापुद्रा उचलून खाली लेझर चालवण्याच्या कल्पनेचे एकस्व १९८९ च्या जूनमध्ये इराणमध्ये जन्मलेल्या घोलम पेमन यांना मिळाले. प्रत्यक्ष माणसाच्या डोळ्यावर ते करून दाखवून पद्धत म्हणून घडवण्याचे काम पालिकारिस यांचे, आणि त्याच सुमारास मिलानमध्ये लुचिओ बुरात्तोही त्याच दिशेने चालले होते. कापाची मूळ कल्पना बाराकेर यांची. अशा वेळी एकच जनक ठरवण्याचा आग्रह धरला, तर उरलेल्यांवर अन्याय होतो.

एकस्वांचा विषय निघालाच आहे, तर त्याची दुसरी बाजूही नोंदवतो. समिट आणि व्हिझएक्स या दोन अमेरिकी यंत्रनिर्मात्यांनी आपापली एकस्वे एकत्र करून प्रत्येक शस्त्रक्रियेमागे २५० डॉलर आकारायला सुरुवात केली. स्पर्धा दडपल्याच्या कारणावरून तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९९८ मध्ये त्यांच्याविरुद्ध तक्रार दाखल केली आणि ही व्यवस्था मोडली. शस्त्रक्रियेच्या खर्चात तंत्रज्ञानाइतकाच कायद्याचाही वाटा असतो.

गडवाट

आऱ्यांसारख्या छेदांची एक आठवण गिर्यारोहकांच्या जगात आजही सांगितली जाते. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवरील प्रसिद्ध दुर्घटनेत सापडलेले डॅलसचे डॉक्टर बेक वेदर्स यांच्या डोळ्यांवर ही शस्त्रक्रिया झालेली होती. उंचीवर त्यांची दृष्टी इतकी घसरली, की त्यांना शिखराकडची वाटचाल मध्येच सोडून थांबावे लागले. प्राणवायू कमी झाल्यावर छेद दिलेले पारपटल फुगते आणि त्याचा मध्यभाग आणखी सपाट होतो, हे त्याच सुमारास झालेल्या अभ्यासांतून स्पष्ट झाले. आपल्याकडे हिमालयात जाणाऱ्या पन्नाशी-साठीतल्या ज्या मंडळींनी तरुणपणी ही छेदांची शस्त्रक्रिया करवून घेतली असेल, त्यांनी निघण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांशी अवश्य बोलावे आणि प्लस नंबरचा जादा चष्मा सोबत ठेवावा.

दृष्टिपथ

मी नेत्रशल्यविशारद आहे. धागाकर्त्याने काढलेला "किती सोसते" हा मुद्दा आमच्या दैनंदिन कामाचा गाभा आहे, म्हणून तो आकड्यांनी मांडतो.

लेझरने किती ऊतक काढावे लागेल, याचे सूत्र चार्ल्स मनरलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. उपचार करायच्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करायचा, त्याला नंबराने गुणायचे आणि तीनने भागायचे. उत्तर ढोबळमानाने मायक्रॉनमध्ये मिळते. व्यास ६ मिलिमीटर धरला, तर दर नंबरामागे १२ मायक्रॉन होतात. प्रत्यक्ष यंत्रे कडेचा उतार सौम्य ठेवण्यासाठी याहून थोडे अधिक घेतात, परंतु समजण्यापुरते हे पुरे आहे. व्यास वाढवला की खोली वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून रात्री ज्यांच्या बाहुल्या फार मोठ्या होतात, त्यांच्या बाबतीत हा हिशेब विशेष अवघड जातो.

आता आपल्या भागाचे उदाहरण घेऊ. नागपूरच्या परिसरातील ग्रामीण भागात तिशीपुढच्या प्रौढांचा मोठा नेत्र-अभ्यास झाला. त्यात पारपटलाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन आढळली. पाठ्यपुस्तकांत साधारण ५४० हा आकडा असतो. अशा ५१४ मायक्रॉनच्या डोळ्याचा नंबर मायनस सहा असेल, तर ७२ मायक्रॉन लेझरने जातील. जुन्या पात्याच्या यंत्राने पापुद्रा १६० मायक्रॉनचा निघाला, तर खाली २८२ मायक्रॉन उरतात. किमान २५० उरले म्हणजे झाले, असा संकेत बरीच वर्षे पाळला जात होता आणि त्या कसोटीला हा डोळा उतरतो. पण पापुद्रा जागेवर बसवला, तरी तो पारपटलाला पूर्वीसारखा आधार देत नाही. म्हणून पापुद्रा आणि काढलेले ऊतक मिळून एकूण जाडीचा किती भाग बाधित झाला, हेही पाहिले पाहिजे, असे २०१४ च्या सुमारास पुढे आले. या डोळ्यात तो भाग ४५ टक्के होतो, आणि ४० टक्क्यांपुढे धोका वाढतो. तोच पापुद्रा ११० मायक्रॉनचा घेतला, तर बाधित भाग ३५ टक्क्यांवर येतो. डोळा तोच, नंबर तोच, आणि निर्णय मात्र उलट.

धोका कशाचा, तर कमकुवत झालेले पारपटल आतल्या दाबाने हळूहळू पुढे झुकून शंकूसारखे होण्याचा. लॅसिकनंतर असे घडल्याची नोंद १९९८ मध्ये झायलर यांनीच प्रसिद्ध केली. ज्यांनी हा लेझर माणसाच्या डोळ्यावर प्रथम आणला, त्यांनीच त्याची मर्यादाही जाहीरपणे मांडली, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो. यातील पुष्कळ डोळ्यांत केराटोकोनस, म्हणजे पारपटल शंकूसारखे होत जाण्याचा आजार, मुळातच सुप्तावस्थेत असतो आणि शस्त्रक्रिया त्याला केवळ निमित्त देते. वर उल्लेखलेल्या नागपूरच्या अभ्यासात केराटोकोनसचे प्रमाण २.३ टक्के नोंदले गेले. पारपटलाचा बाक ४८ डायॉप्टर किंवा अधिक, एवढाच निकष त्यासाठी लावला होता आणि निकष कडक केला की आकडा झपाट्याने खाली येतो, हे ध्यानात ठेवून तो वाचावा. तरीही आपल्याकडे हा प्रश्न दुर्लक्षिण्याजोगा नाही. डोळे सतत चोळण्याची सवय असलेल्या, दर वर्षी सिलिंड्रिकल नंबर वाढणाऱ्या तरुणाला मी पारपटलाचा संपूर्ण नकाशा काढल्याशिवाय आणि नंबर स्थिर झाल्याशिवाय कोणतीही तारीख देत नाही.

अशा झुकणाऱ्या पारपटलाला पूर्वी प्रत्यारोपणाखेरीज उपाय नसे. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब आणि अतिनील किरण वापरून पारपटलातील तंतू एकमेकांशी बांधण्याची पद्धत विकसित झाली आणि २००३ मध्ये तिचे रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या निबंधाच्या लेखकांतही झायलर आहेत.

चांदणचुरा

दृष्टिपथ यांचा हिशेब वाचून प्रथमच समजले, की माझ्या बहिणीला होकार आणि मला नकार का मिळाला होता. नंतर दुसऱ्या एका ठिकाणी माझ्यावर पीआरके झाली. दूरचे उत्तम दिसते. परंतु डोळ्यांतला कोरडेपणा बराच काळ टिकला आणि रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती अजूनही वलये दिसतात. शस्त्रक्रियेपूर्वी यांपैकी काहीही मला नीट सांगितले गेले नव्हते. सही केलेल्या कागदावर ते बारीक अक्षरांत होते, एवढेच. हे सर्वांनाच होते का?

दृष्टिपथ

सर्वांना होत नाही, पण अपवादानेच होते असेही नाही. पारपटल हे शरीरातील सर्वांत दाट संवेदी मज्जातंतूंच्या जाळ्यांपैकी एक आहे. पापुद्रा कापताना किंवा पृष्ठभाग कोरताना त्यातले अनेक तंतू तुटतात आणि अश्रू निर्माण करण्याचा इशारा मंदावतो. तंतू पुन्हा वाढतात, पण सावकाश. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लॅसिकच्या रुग्णांना थेट प्रश्न विचारून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. समाधानी असणाऱ्यांचे प्रमाण ९५ टक्क्यांहून अधिक होते. मात्र ज्यांना आधी वलये, चकाकी किंवा दुहेरी प्रतिमा यांपैकी काहीच दिसत नव्हते, त्यांच्यापैकी ४० टक्क्यांहून अधिक जणांनी तीन महिन्यांनंतर असे किमान एक नवे लक्षण नोंदवले. आणि आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांना तो जाणवत होता. हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे आहेत. समाधानाचा आकडा तेवढा भिंतीवर लावायचा आणि दुसरा कागदातल्या बारीक अक्षरांत ढकलायचा, ही आमच्या व्यवसायातील वाईट सवय आहे.

सैनिकपुत्र

हवाई दलाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या धाकट्या भावाला शिकवणीतल्या कोणीतरी बारावीनंतर लगेच लेझर करून घेण्याचा सल्ला दिला आहे. त्यात काही अडचण आहे का?

दृष्टिपथ

अडचण आहे, आणि ती नंतर दुरुस्त होत नाही. हवाई दलाच्या निकषांत शस्त्रक्रिया वयाच्या विसाव्या वर्षापूर्वी झालेली नसावी, तपासणीपूर्वी बारा महिने उलटलेले असावेत आणि पारपटलाची उरलेली जाडी किमान ४५० मायक्रॉन असावी, अशा अटी आहेत. डोळ्याची पुढून मागे मोजलेली लांबीही पाहिली जाते, म्हणजे मूळचा मोठा नंबर लेझरने लपत नाही. काही शाखांत ही शस्त्रक्रिया मुळीच चालत नाही. ज्या प्रवेशासाठी प्रयत्न चालू आहे, त्याचीच ताजी अधिसूचना वाचल्याशिवाय त्याने डोळ्याला हात लावू देऊ नये.

अवकाशवेडा

पातळ पापुद्रा शक्य कशामुळे झाला, हे कोणी सांगितलेले नाही, म्हणून पुन्हा लिहितो. १९९३ मध्ये मिशिगन विद्यापीठात जेरार मुरू यांच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात अतिलघु स्पंदांच्या लेझरचा किरण चुकून गेला. त्याला तपासणाऱ्या रॉन कर्ट्झ या तरुण नेत्रडॉक्टरला दृष्टिपटलावरच्या जखमेची कड आश्चर्यकारक रेखीव दिसली, आणि हा लेझर कोणता, अशी चौकशी करत ते प्रयोगशाळेपर्यंत पोचले. कर्ट्झ आणि टिबोर युहास यांच्या कामातून फेम्टोसेकंद लेझरचे नेत्रयंत्र तयार झाले आणि २००० नंतरच्या दशकात त्याने पात्याची जागा घेतली. एका सेकंदाच्या अब्जांशाचाही दशलक्षांश भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद. इतक्या अल्प काळात एकवटलेली ऊर्जा पारपटलाच्या आत नेमक्या खोलीवर सूक्ष्म बुडबुडे निर्माण करते आणि ते शेजारीशेजारी मांडत गेले, की पृष्ठभागाला न छेदता आतल्या आत काप तयार होतो. असे तीव्र स्पंद मिळवण्याची मूळ युक्ती मुरू आणि डोना स्ट्रिकलंड यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केली होती. त्याबद्दल २०१८ मध्ये दोघांना भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला.

हिशेबनीस

मग सध्या ज्या स्माइल पद्धतीची जाहिरात दिसते, तिच्यात एक्सायमर अजिबात नसतो, हे बरोबर आहे का? आणि तिच्यासाठी जादा पैसे मोजणे योग्य आहे का?

दृष्टिपथ

होय, स्माइलमध्ये १९३ नॅनोमीटरचा लेझर वापरतच नाहीत. फेम्टोसेकंद लेझर पारपटलाच्या आत दोन वक्र काप घेतो, त्यांच्यामध्ये भिंगाच्या आकाराची ऊतकाची चकती सुटी होते आणि दोन ते चार मिलिमीटरच्या लहान छेदातून ती बाहेर ओढून काढली जाते. बाराकेर यांनी चकती काढून ऊतक वजा करण्याचा जो ध्यास घेतला होता, त्याच्या ही पद्धत लॅसिकपेक्षाही जवळ आहे. जर्मनीत वॉल्टर सेकुंडो आणि मार्कुस ब्लुम यांनी तिची सुरुवात केली. परंतु लहान छेदाच्या या पद्धतीचे प्रारंभीचे निष्कर्ष प्रसिद्ध करणाऱ्यांत बडोद्याच्या रुपल शाह आणि त्यांचे सहकारी आहेत. त्यांचा निबंध २०११ चा आहे. अमेरिकेत मान्यता मिळाली ती २०१६ मध्ये. तेव्हा मुळशीकर यांनी पाठ्यपुस्तकासाठी बडोद्याचाही विचार करावा.

पैशांविषयी : पापुद्रा नसल्यामुळे तो सरकण्याची भीती राहत नाही आणि तुटणारे मज्जातंतू कमी असतात, म्हणून खेळाडूंना आणि मुळात कोरडेपणाकडे झुकणाऱ्या डोळ्यांना तिचा लाभ दिसतो. अंतिम दृष्टीत मात्र लॅसिक आणि स्माइल यांच्यात फारसा फरक आढळत नाही. थोडा नंबर उरला, तर पुन्हा पापुद्रा उचलून दुरुस्ती करण्याची सोय स्माइलमध्ये नाही. तेव्हा बहुधा पीआरके करावी लागते. पारपटल पातळ आणि नंबर मोठा असेल, तर या तिन्ही पद्धतींचा हट्ट सोडून डोळ्याच्या आत, नैसर्गिक भिंगाच्या पुढे बसवायच्या कृत्रिम भिंगाचा विचार करावा.

चांदणचुरा

शेवटचा प्रश्न. आता चाळिशी जवळ आली आहे. जवळचे वाचण्यासाठी चष्मा लागणारच का, आणि पुढे मोतीबिंदू झाला तर या शस्त्रक्रियेमुळे अडचण येते का?

दृष्टिपथ

चाळिशीचा चष्मा लागेल. ती आतले भिंग ताठर होण्याची गोष्ट आहे आणि पारपटलावरच्या लेझरचा तिच्याशी संबंध नाही. उलट, मायनस नंबर असलेला माणूस चष्मा काढून वाचू शकतो, ती सोय शस्त्रक्रियेमुळे जाते. चाळिशीच्या उंबरठ्यावर लेझर करू पाहणाऱ्यांना हे आधीच सांगायला हवे.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करता येते, पण बसवायच्या भिंगाची शक्ती काढताना घोटाळा होऊ शकतो. ती शक्ती पारपटलाच्या बाकावरून काढतात, आणि जुनी सूत्रे न कोरलेल्या पारपटलासाठी बनवलेली आहेत. मायनस नंबराच्या लेझरनंतर ती तशीच वापरली, तर भिंग कमी शक्तीचे निवडले जाते आणि रुग्णाला अनपेक्षित प्लस नंबर येतो. नवी सूत्रे हा दोष बऱ्याच अंशी सावरतात, तरी लेझरपूर्वीचा नंबर आणि पारपटलाचा नकाशा हाती असला तर हिशेब पडताळून पाहता येतो. डोळ्याच्या दाबाचेही असेच आहे. पातळ झालेल्या पारपटलावर नेहमीचे यंत्र दाब खऱ्यापेक्षा कमी दाखवते, आणि त्यामुळे काचबिंदू नजरेतून निसटू शकतो. म्हणून ज्या ठिकाणी आपली शस्त्रक्रिया झाली, तेथून शस्त्रक्रियेपूर्वीचे सर्व मापन-अहवाल लेखी मागून घ्यावेत, त्यांची छायाचित्रे मोबाइलमध्ये ठेवावीत, आणि यापुढे कोणत्याही नेत्रतपासणीत लेझर झाल्याचे न विचारताच सांगावे.